व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची गुंगी: राउंडची ऑर्डर, सिस्टरचा तक्ता की रोज सकाळी पंप बंद?

मडगाव-फोंड्याकडे सहा-आठ खाटांचं आयसीयू चालवणारे ओळखीचे लोक विचारतात, यातली कुठली पद्धत धरावी? आयसीयूत नर्सिंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझं मत पक्कं आहे: तक्ता, आणि तो सिस्टरच्या हातात.

जुनी पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. राउंडला डॉक्टर मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा पंपातून द्यायचा दर लिहून जातात. रात्री पेशंट हलला की फोन होतो, दर वाढतो. तो शांत झाला म्हणून दर कमी करायला मात्र कुणी फोन करत नाही. वयस्क माणूस, त्यात किडनी मंदावलेली, की हे औषध अंगात साठतं आणि पंप थांबवला तरी माणूस लवकर जागा होत नाही. तोवर श्वासाची नळी काढता येत नाही. घरचे बाहेर बाकावर बसून, 'अजून झोपेतच?' म्हणून विचारत राहतात.

तक्त्याच्या पद्धतीत डॉक्टर ठरवतात ते फक्त लक्ष्य: रास स्कोर (गुंगी किती खोल ते सांगणारा आकडा; शून्य म्हणजे जागा आणि शांत, उणे जितका जास्त तितकी गुंगी खोल) उणे दोन ते शून्य, म्हणजे हाक मारली की डोळे उघडणारा पेशंट. दर काही तासांनी स्कोर बघून पंप वर-खाली करायचा अधिकार सिस्टरला. आधी दुखणं बघायचं, गुंगी नंतर. फेंटानिल या वेदनाशामकाने शांत होणाऱ्याला मिडाझोलाम कशाला? १९९९ साली अमेरिकेत सेंट लुइसला ३२१ रुग्णांवर हे करून पाहिलं, तेव्हा व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ११७ तासांवरून ५६ वर आला. मेलबर्नमध्ये २००८ साली ३१२ रुग्णांवर केलं, तर काहीच फरक पडला नाही. मला याचं नवल वाटत नाही. तिथे व्हेंटिलेटरच्या प्रत्येक पेशंटला स्वतंत्र नर्स असते आणि निर्णय आधीच खाटेजवळ होत होते. आपल्याकडे एका सिस्टरकडे दोन-तीन पेशंट आणि निर्णय फोनवर. आपलं दुखणं सेंट लुइसच्या जवळचं आहे.

रोज पंप बंद करण्याची पद्धत गाजली ती शिकागोच्या २००० सालच्या १२८ रुग्णांच्या अभ्यासाने: व्हेंटिलेटरचे ७.३ दिवसांचे ४.९ झाले. पण २०१२ साली कॅनडा-अमेरिकेत ४२३ रुग्णांवर नुसता तक्ता आणि तक्ता अधिक रोजची बंदी अशी तुलना झाली, तेव्हा दोन्हीकडे सातच दिवस लागले. वर सिस्टरांचं काम वाढलं, औषधही जास्त गेलं. पेशंट स्वतःचा श्वास स्वतः घेतो का, ही चाचणी सकाळी घ्यायला कुणी हजर असेल तर मात्र ही बंदी कामाची. २००८ साली ३३६ रुग्णांमध्ये या जोडीचा फायदा स्पष्ट दिसला. मेंदूवरचा दाब वाढलेला, झटके येणारा किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधावरचा पेशंट असेल तर पंप असा बंद करू नये. दारू अचानक सुटलेल्यालाही हेच लागू, म्हणून भरतीच्या दिवशीच घरच्यांना नीट, न लाजवता विचारा.

तक्ता छापण्याआधी एक प्रसंग ऐका. पेडण्याची एक आजी. रात्रपाळीची सिस्टर बाहेरच्या राज्यातली, मेहनती; तिने इंग्रजीत डोळे उघडायला सांगितलं. हालचाल नाही. कागदावर उणे चार. सकाळी मी कानाशी वाकून म्हटलं, "आये, मातशे दोळे उगड." पापण्या हलल्या, डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. आजी रात्रभर उणे चार नव्हतीच, तिला हाक समजली नव्हती.

म्हणून रासच्या रकान्यावरच डोळे उघडायला सांगणारं वाक्य देवनागरीत कोंकणी, मराठी आणि हिंदीत छापा, आणि पेशंट घरी कुठली भाषा बोलतो ते खाटेच्या डोक्याशी लिहून ठेवा. ऐकण्याचं यंत्र, चष्मा घरून मागवून घ्या. पहिले दोन आठवडे इनचार्जने दर पाळीला एकदा सिस्टरबरोबर उभं राहून स्कोर काढावा. दोघींचा आकडा जुळायला लागला की पंपाचा अधिकार तिच्याकडे द्या.