कॅम्परमधलं ‘रेडिएशन’ आणि आमचे ५८० डॉलर

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. गेल्या उन्हाळ्यात चौदा फुटी, जुना कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायची, आत झोपायची सोय असलेली खोली) घेतला. पहिल्याच सहलीत कॅम्पग्राउंडवरच्या एका गृहस्थाने गप्पांच्या ओघात विचारलं, “मुलगी कुठे झोपते?” आमची चार वर्षांची लेक खालच्या बाकावर झोपते. त्याच बाकाखाली कन्व्हर्टर आहे, म्हणजे १२० व्होल्टच्या विजेवर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा डबा. त्याने खिशातला मीटर काढून तिच्या उशीवर ठेवला. ३१ मिलिगॉस (मिलिगॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक).

मग म्हणाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातलंय, तेही मुलांच्या ल्युकेमियावरून. हे खरं आहे. म्हणून तर पोटात गोळा आला. त्या अभ्यासांत ३-४ मिलिगॉसच्या वरची, दीर्घकाळची सरासरी धरलेली होती आणि कारण म्हणून काहीच सिद्ध झालेलं नव्हतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मग त्यानेच उपाय विकायला काढला: कन्व्हर्टरवर चिकटवायच्या तीन चकत्या आणि एक ‘अर्थिंगची’ चादर, ६४० डॉलर. रोख दिले तर साठ कमी. दिले. संध्याकाळी चकत्या लावून त्याने पुन्हा मोजलं, तर आकडा ४! मी हात जोडून त्याचे आभार मानले.

आठवड्याने नाशिकच्या मामेभावाला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. तो वीज खात्यात आहे. त्याने एवढंच विचारलं, “ताई, सकाळी बॅटरी उतरलेली होती का गं?” होतीच. आधीची रात्र आम्ही विजेच्या जोडणीशिवाय काढली होती. उतरलेली बॅटरी भरताना कन्व्हर्टरमधून जास्त करंट जातो, त्यामुळे भोवतालचं क्षेत्रही जास्त. संध्याकाळपर्यंत बॅटरी भरली, आकडा आपोआप पडला. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मग मी स्वतः मीटर आणला. चकत्या लावून मोजलं, काढून मोजलं, एका आकड्याचाही फरक नाही. उशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेली, तर १ च्या खाली. अंतर वाढलं की हे क्षेत्र झपाट्याने कमी होतं.

चादर बघून मात्र भाऊ ओरडलाच. तिची वायर सॉकेटच्या अर्थ पिनला जाते. कॅम्पग्राउंडवर ट्रेलरला वीज देणाऱ्या खांबावरचं वायरिंग चुकलेलं असेल, तर ट्रेलरच्या पत्र्यात वीज उतरू शकते आणि त्या चादरीतही. तिच्यावर माझी लेक आठवडाभर झोपली होती. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या विकणाऱ्याचा फोन लागत नाही, आणि रोख दिल्यामुळे कार्ड कंपनीकडेही दाद मागता येत नाही. फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, तक्रार केली आहे. असं कुणी तुमच्या दाराशी आलं, तर त्याच्यासमोरच चकत्या काढून, तितक्याच भरलेल्या बॅटरीवर पुन्हा मोजायला लावा. आम्ही आता प्लग लावण्याआधी टेस्टरने खांब तपासतो, आणि लेक दाराकडे डोकं करून झोपते.