डायलिसिसच्या रुग्णात मांस किती, पाणी किती: मोजायचं कशानं?

वजन तीन महिने ५८ किलोवरच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दोन किलो मांस झडलं आणि तेवढंच पाणी साचलं, तर वजनकाटा जागचा हलत नाही. बीएमआयलाही ते दिसत नाही.

प्रश्न ड्राय वेटचा (जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हव्या त्या वजनाचा) असेल, म्हणजे शेवटच्या तासात बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात किंवा सूज उतरतच नाही, तर मल्टी-फ्रिक्वेन्सी बायोइम्पिडन्स, म्हणजे अंगातून हलका करंट सोडून पाणी मोजायची तपासणी. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट पेशींबाहेरच्या पाण्यातून जातो, जास्त फ्रिक्वेन्सीचा पेशींच्या आतूनही. त्या फरकावरून जास्तीचं पाणी लिटरमध्ये निघतं. जिममधल्या उभं राहायच्या साध्या मशीनचं गणित निरोगी माणसावर बेतलेलं असतं. ते साचलेलं पाणी मांसात धरतं. त्यावर पैसे घालवू नका.

तपासणी सोपी, पण चुका हमखास होतात. फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या बाजूच्या हाताला दोन आणि त्याच बाजूच्या पायाला दोन इलेक्ट्रोड लावतात. रुग्ण दहा मिनिटं उताणा, हात अंगापासून आणि मांड्या एकमेकींपासून सुट्या. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाचे तळपाय घामेजलेले असतात, स्टिकर अर्धवट सुटतो आणि आकडा भलताच येतो. आधी पाय पुसा, स्पिरिट फिरवा, वाळू द्या. मांस-चरबी पाहायची तर डायलिसिसनंतर किमान ३० मिनिटांनी मोजा. दर वेळी तीच वेळ. पोटाचं डायलिसिस असेल तर पोटातलं पाणी काढून वजन करा, नाहीतर दोन लिटरच्या बॅगचे दोन किलो हिशेबात येतात. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

डेक्सा (क्ष-किरणांचा स्कॅन) चरबी आणि हाडं चांगली दाखवतो, पण पाणी त्याच्या लेखी मांसच. सूज असताना केला तर मांस फुगून दिसतं, म्हणून डायलिसिसनंतरच. सेंटरला फोन करताना ‘पूर्ण शरीराचं बॉडी कॉम्पोझिशन’ असंच विचारा. बऱ्याच ठिकाणी फक्त कंबर आणि खुब्याची हाडं तपासतात. सुरुवातीला एकदा पुरे, दर महिन्याला नको.

दर महिन्याला टेप आणि कॅलिपर (कातडीची घडी मोजायचा चिमटा). आमच्या मते सर्वात कमी वापरली जाणारी आणि सर्वात परवडणारी जोडी हीच. फिस्टुला नसलेला दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये खूण. घेर २५ सेंमी, मागच्या कातडीची घडी १० मिमी, म्हणजे १ सेंमी. २५ वजा ३.१४ गुणिले १, मांसाचा घेर सुमारे २१.९ सेंमी. घडी तीनदा मोजून सरासरी घ्या. माणूस बदलला की आकडा बदलतो, त्यामुळे मोजणारा एकच ठेवा. जोडीला हाताच्या पकडीची ताकद डायनॅमोमीटरवर.

मधुमेहात पाय कापावा लागला असेल, तर बायोइम्पिडन्सच्या नेहमीच्या आकड्यावर विसंबू नका. तिथे भिस्त टेप आणि पकडीवरच.