विंडोजचं सिस्टीम रिस्टोर: भारी आहे, पण आधी चालू असेल तरच

ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि आवाज गेला, वायफाय गेलं, नाहीतर स्क्रीन लुकलुकायला लागली की लोक थेट फॉरमॅट मारायला निघतात. अरे थांबा जरा! विंडोजमध्येच फुकटात एक टूल पडलंय, २००० साली विंडोज एमईसोबत आलं होतं आणि विंडोज ११ मध्ये पण आहे, फक्त असं कोपऱ्यात टाकलंय की निम्म्या लोकांना ते असतं हेच माहीत नाही.

रिस्टोर पॉइंट म्हणजे सिस्टीम एखाद्या वेळी जशी होती तशी करून ठेवलेली नोंद, बिघडलं की तिथे मागे जायचं. त्यात त्या वेळची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), सिस्टीमच्या फाइल्स, ड्रायव्हर आणि प्रोग्राम धरून ठेवलेले असतात. मागे गेलात की नंतर टाकलेले ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर उडतात, फोटो आणि डॉक्युमेंट्सना हात लागत नाही. आता ह्याचाच दुसरा अर्थ असा की चुकून डिलीट केलेले फोटो ह्यातून परत येत नाहीत, त्याला बॅकअपच लागतो, उगाच ह्याला शिव्या घालू नका. काय काय उडणार त्याची यादी पॉइंट निवडताना आधीच बघता येते, ही सोय मला फार आवडली.

माझ्याकडे ग्राफिक्सच्या नवीन ड्रायव्हरनंतर लॅपटॉप स्लीपमधून उठवला की नुसता काळा स्क्रीन यायचा. अशा वेळी लगेच रिस्टोर नको, आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर बघायचं, जमलं तर दोन मिनिटांत विषय संपतो. माझं बटनच फिकट होतं, म्हणजे मागचा ड्रायव्हर शिल्लकच नाही. मग अनइन्स्टॉल. इथे खरी गंमत आहे, नुसतं अनइन्स्टॉल केलं तर ड्रायव्हरची कॉपी विंडोजच्या ड्रायव्हर स्टोरमध्ये तशीच राहते आणि रीस्टार्ट केलं की तोच बिघडलेला ड्रायव्हर गुपचूप परत बसतो, हाकललेला पाहुणा मागच्या दारानं आत यावा तसा. म्हणून ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर पण काढून टाका अशी जी टिक असते ती मारायचीच, आणि नेट बंद ठेवायचं, कारण विंडोज अपडेट स्वतःहून ड्रायव्हर ओढून आणतं. नवीन ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा, वायफायचा काढणार असाल तर पेन ड्राइव्हवरच घ्या, नाहीतर नेटचा ड्रायव्हर उतरवायला नेट कुठून आणणार?

एवढं करून पण काळा स्क्रीन काही जाईना, मग रिस्टोर मारलं. वेळ खातं हां, पट्टी एका जागी अडकल्यासारखी वाटते पण मध्येच पॉवर बटन दाबू नका, सिस्टीम अर्धवट लटकेल. चालू झाल्यावर सगळं जुन्यासारखं, फाइल्स जागच्या जागी, काळा स्क्रीन गायब. पटलं नाही तर केलेलं रिस्टोर परत उलटवता पण येतं, फक्त सेफ मोडमधून (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालू करायचा मोड) केलं असेल तर ती सोय मिळत नाही. विंडोज सुरूच होत नसेल तरी रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनमधून, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन हेच करता येतं, पण तिथे बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी चावी मागू शकतं, ती आधीच दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवा.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे बऱ्याच मशीनवर हे बंदच असतं, आणि ते कळतं कधी तर गरज पडल्यावर. मग यादीत एकही पॉइंट नाही, बसा बोंबलत! दुसरं म्हणजे दिलेली जागा भरली की जुने पॉइंट न विचारता उडतात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनमध्ये तर ६० दिवसांपुढचे ठेवतच नाही. कधीकधी अँटिव्हायरस मध्ये कडमडतो आणि सगळं झाल्यावर शेवटी रिस्टोर फेल झालं म्हणून सांगतं, तेव्हा अँटिव्हायरस बंद करून नाहीतर सेफ मोडमधून परत ट्राय करायचं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, डिफॉल्ट चालू दिलं असतं तर साडेचार दिले असते. स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोर पॉइंट शोधा, सी ड्राइव्ह निवडून कॉन्फिगरमध्ये प्रोटेक्शन ऑन करा, जागा थोडी सढळ द्या आणि लगेच एक पॉइंट हाताने बनवा. त्याला ड्रायव्हर टाकायच्या आधीचा वगैरे असं कळेलसं नाव द्या, तारीख आपोआप पडते.