काटा मारत नाहीत, म्हणून लिहिते

हे आमच्या गावाबाहेरच्या खाजगी वजनकाट्याबद्दल. आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की 'काटा मारला' हे रोज कानावर पडतं. पायात मोडतो तो काटा नव्हे, हा तराजूचा. मापात कमी भरवणं म्हणजे काटा मारणं. तागडीच्या काळात यालाच दांडी मारणं म्हणायचे. 'काटा काढला' मात्र निराळं, तिथं माणूसच संपवलेला असतो. आणि याच काट्यावरून 'काटेतोल' हा इतका चांगला शब्द आलाय, त्याचं मला फार नवल वाटतं.

गेल्या हंगामात शंका आली म्हणून एक ट्रॉली आधी या खाजगी वजनकाट्यावर घातली. भरलेली 14,360 किलो, परतताना रिकामी 4,950. म्हणजे ऊस 9,410. जिथं ऊस घातला तिथल्या पावतीवर 9,060! साडेतीनशे किलोचा फरक. टनाला 3,000 धरले तरी एका खेपेत 1,050 रुपये गेले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

"मग खाजगीवाला खरा कशावरून?" मामंजींनी विचारलं. बरोबरच विचारलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः ट्रॅक्टरवर बसून त्या खाजगी काट्यावर गेले. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "वहिनी, आधी शून्य बघा, मग गाडी चढवू." चाकांचा चिखल प्लेटवर साचला होता, तो त्यानं खरडून काढला, तेव्हा आकडा शून्यावर आला. ड्रायव्हरला खाली उतरवलं. माझ्या सांगण्यावरून रिकामी ट्रॉली प्लेटच्या दोन्ही टोकांना उभी करून दाखवली, वजन तेच. वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचं त्या वर्षीचं पडताळणी प्रमाणपत्र भिंतीवर होतं, तारीख मी वाचली. आकडा बाहेरच्या मोठ्या बोर्डावर दिसतो, खिडकीत डोकवावं लागत नाही.

एका वजनाला 100 रुपये घेतात. रिकाम्या गाडीचे वेगळे लावत नाहीत, हे मला आवडलं. सावलीला काही नाही, जानेवारीत तास-दीड तास रांगेत जातो. बायकांना बसायला एक बाकडं तरी टाकावं. पावतीचा कागद हलका आहे, उन्हात महिन्याभरात अक्षर उडतं. मी आता पावती हातात पडली की गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढते आणि तोडणीच्या वहीत आकडा लिहून ठेवते.

यंदा पहिल्या खेपेपासून सगळ्या ट्रॉल्या तिथूनच नेणार आहे.