मजकूर उत्तम, गोंद भिकार: १९५० च्या दशकातली वेस्टर्न पेपरबॅक, काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी वेस्टर्न (काउबॉय आणि बंदूकबाजांच्या अमेरिकन गोष्टींची) पेपरबॅक मोडते ती बरोबर मध्यावर. दीडशे पानांचं पुस्तक असेल तर सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान कुठेतरी ‘कट्’ असा आवाज येतो आणि कण्यावर उभी पांढरी रेघ उमटते. तिथून पुढे हातात एका पुस्तकाची दोन पुस्तकं असतात. एल्मोर लेनर्डच्या ‘हॉम्ब्रे’ची १९६१ ची बॅलन्टाइन प्रत नेमकी अशीच गेली, तीही भर गोळीबारात. म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. तारे द्यायचेच तर कथांना साडेचार. बांधणीला अर्धा, आणि तोसुद्धा मुखपृष्ठ रंगवणाऱ्यांकडे बघून.

इथे लुई लामूर या लोकप्रिय वेस्टर्न लेखकाबद्दल फार लिहिणार नाही. त्याची बॅन्टम आणि कॉर्गी या प्रकाशनांची पुस्तकं मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला आजही मिळतात. जे. टी. एडसन आणि ऑलिव्हर स्ट्रेंजचा नायक ‘सडन’ हेही आपल्याकडे वाचनालयांतून फिरून फिरून गुळगुळीत झालेले. प्रश्न त्यांच्या सावलीत राहिलेल्यांचा आहे. फॉसेटचं गोल्ड मेडल, डेल, लायन, एस, बॅलन्टाइन या अमेरिकन प्रकाशनांनी १९५० ते १९७० या काळात थेट पेपरबॅकमध्ये काढलेल्या कादंबऱ्या, सुरुवातीला २५ नाहीतर ३५ सेंटवाल्या. आपल्याकडे त्या क्वचित दिसतात. आल्याच तर बाहेरून मागवून, आणि तेव्हा पुस्तकापेक्षा टपाल महाग पडतं.

गोल्ड मेडल १९५० मध्ये निघालं तेच एका करारातली पळवाट म्हणून. फॉसेट दुसऱ्या एका प्रकाशकाच्या पेपरबॅकचं वितरण करत असे, आणि त्या करारामुळे त्यांना स्वतः पुनर्मुद्रणं काढता येत नव्हती. मग त्यांनी आधी कुठेच न छापलेल्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. लेखकाला पैसे मिळत ते विकल्या गेलेल्या प्रतींवर नाही, छापलेल्या प्रतींवर. सगळे भराभर लिहिणारे लेखक तिकडे धावले यात नवल नाही. त्यातले बरेचसे सुमार होते, पण काही खरोखर वरच्या दर्जाचे.

पहिलं नाव क्लिफ्टन अ‍ॅडम्स. ओक्लाहोमाचा माणूस, १९७१ मध्ये गेला. ‘द डेस्पराडो’ १९५० ची आणि तिचा पुढचा भाग ‘अ नूज फॉर द डेस्पराडो’ १९५१ चा, दोन्ही गोल्ड मेडलच्या. यादवी युद्धानंतरचं टेक्सस आहे. टॉल कॅमेरॉन हा पोरसवदा नायक स्वतःच सांगतोय, आणि त्याला बंदूक शिकवणारा पॅपी गॅरेट हा म्हातारा खुनी पुस्तकातला सगळ्यात समजूतदार माणूस आहे. नायक पान उलटताना बिघडत जातो, लेखक त्याला सावरायला येत नाही. वेस्टर्नच्या वेषातली ही गुन्हेगारी कादंबरी आहे. नंतर अ‍ॅडम्सला वेस्टर्न लेखकांच्या संघटनेचा स्पर पुरस्कार दोनदा मिळाला, पण ती पुस्तकं या दोन कादंबऱ्यांपुढे मवाळ वाटतात. स्टार्क हाउस या प्रकाशनाने हे दोन्ही भाग एका जिल्दीत काढले आहेत. फक्त वाचायचं असेल तर तेच घ्या, बाकी सगळं विसरा.

मार्व्हिन एच. अल्बर्ट हे दुसरं नाव. ‘द लॉ अँड जेक वेड’ १९५६ ची, ‘अपाची रायझिंग’ १९५७ ची. माणूस पाल्हाळ लावत नाही. घोड्याला पाणी कुठे मिळेल, काडतुसं किती उरलीत, पुढची टेकडी किती लांब, याचा हिशेब सतत चालू असतो आणि ताण त्यातूनच येतो. खरेदी करताना मात्र सावध. ‘अपाची रायझिंग’वर १९६६ मध्ये ‘ड्युएल अ‍ॅट डायब्लो’ हा चित्रपट निघाला आणि पुस्तकही त्याच नावाने पुन्हा बाजारात आलं. दोन्ही मागवलीत तर एकाच कादंबरीचे दुप्पट पैसे गेले. डोनाल्ड हॅमिल्टनच्या ‘द मॅन फ्रॉम सांता क्लारा’चं पुढे ‘द टू-शूट गन’ झालं. डोरोथी जॉन्सनचा ‘इंडियन कंट्री’ हा कथासंग्रह ‘अ मॅन कॉल्ड हॉर्स’ चित्रपटाच्या वेळी त्या नावाने निघाला. उपाय एकच: मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका, कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागवा. मूळ साल आणि बऱ्याचदा मूळ नावही तिथे बारीक अक्षरांत असतं.

टोपणनावांचं तेच. विल हेन्री आणि क्ले फिशर हे दोन आवडते लेखक म्हणून वेगवेगळ्या रांगेत लावले असतील तर एकत्र करा. दोघंही हेन्री विल्सन अ‍ॅलन, जो दिवसा एमजीएम या चित्रपट स्टुडिओसाठी टेक्स अ‍ॅव्हरीची कार्टून लिहायचा. ल्यूक शॉर्ट म्हणजे फ्रेडरिक ग्लिडन, आणि पीटर डॉसन हा त्याचा सख्खा भाऊ.

एच. ए. डीरोसोची ‘.४४’ लायनने १९५३ मध्ये काढली. नायक भाडोत्री बंदूकधारी आहे. ज्याला मारायचं तो याच्यापेक्षा वेगवान निघतो, तरी चाप ओढत नाही, आणि नायक त्याला ठार करतो. तो का थांबला, हे शोधण्यात उरलेली कादंबरी जाते. ऊन, दगड, वांझ डोंगर आणि मनाचा काळोख. लायनची बांधणी मात्र सगळ्यांत वाईट. पुस्तक नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडायचंच नाही.

आता गोंदाकडे. मूळ दुखणं तेच आहे, आणि संग्राहक लोक मुखपृष्ठाच्या कोपऱ्यांवर वाद घालत बसतात पण याच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

या पुस्तकांना शिवण नसते. फर्म्यांची (छापून घडी घातलेल्या कागदांची) घडीकडची बाजू कापून सुट्या पानांचा गठ्ठा करतात, कडा खरवडतात, गोंद लावतात, वर कव्हर चिकटवतात. आधीच्या पुस्तकांत बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस, पुढे गरम करून लावायचा कृत्रिम गोंद. सरसात लवचीकपणा असतो तो पाण्याच्या अंशामुळे. नागपूरच्या मे महिन्यात तो अंश उडतो आणि सरस काचेसारखा तडकतो. मुंबईच्या जुलैत उलटं होतं: सरस पाणी पितो, मऊ पडतो, बुरशी आणि कसर त्यावर ताव मारतात. ओल्या हवेतून आणलेलं पुस्तक रात्रभर एसीच्या खोलीत ठेवून सकाळी उघडलं तर दोन्ही रोग एकदम. कृत्रिम गोंद वयाबरोबर पिवळा आणि कडक होतो, खपलीसारखा निघून येतो, पण त्याला कसर कमी लागते. त्यात कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा. लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे आम्ल वाढतं आणि पान कडेकडून तपकिरी होत आत सरकतं. कड तपकिरी आणि मधला भाग पिवळसर असेल तर वाचता येतं. पूर्ण पान चहाच्या रंगाचं झालं असेल तर कोपरा उलटतानाच तुकडा पडतो. त्यावर घरगुती इलाज नाही, विकत घेऊ नका.

दुरुस्ती करता येते. कणा एकाच जागी तडकला असेल तर पुस्तक तिथेच हलक्या हाताने उघडा, जुन्या गोंदाची सुटलेली खपली चिमट्याने काढा. आम्लरहित पीव्हीए (पांढरा) गोंद विणकामाच्या बारीक सुईने फटीत सोडा, अगदी पातळ रेघ. जास्त लावला की तो पानांच्या मध्ये चढतो आणि दोन पानं कायमची जुळतात. दोन्ही बाजूंना मेणकागद घाला, मिटा, वजन ठेवा, किमान बारा तास हात लावू नका. एखादं पान सुटलं असेल तर त्याच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर गोंदाची पट्टी लावून ते जागेवर सरकवायचं आणि बाहेरची कड बाकीच्या पानांशी जुळवून घ्यायची.

सगळा गठ्ठाच सुटा झाला तर पंखा पद्धत. कव्हर सोडवून ठेवा. पानं ठोकून एकसारखी करा, दोन फळ्यांत कणा वर येईल अशी आवळा. मग पानं एका बाजूला पंख्यासारखी वाकवून गोंद लावा, नंतर दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा लावा. प्रत्येक पानाला दोन्हीकडून एखाद मिलिमीटर गोंद मिळतो आणि पकड येते. वर पातळ मलमलची पट्टी, वाळल्यावर कव्हर. जुना गोंद कापून काढायचा मोह टाळा. गोल्ड मेडलचा आतला समास इतका अरुंद आहे की दोन मिलिमीटर गेले तर ओळीची शेवटची अक्षरं खोबणीत बुडतात.

नेहमीच्या बाइंडरकडे ही पुस्तकं देऊ नका, किंवा दिलीच तर समोर उभे राहा. तो खळीत मोरचूद घालतो. किड्यांसाठी ते ठीक, पण आधीच आम्लाने पोखरलेल्या कागदाला ते विष. शिवाय तो तिन्ही बाजू कापून ‘साफ’ करून देतो. सेलोटेपबद्दल तर बोलायलाच नको. दहा वर्षांत टेप सुटते, डाग राहतो.

कसर दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव पानांवर बसतं. कायमची साठवण पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, उभी, फार दाबून नाही. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं छपाईला चिकटतात.

एस डबलबद्दलचं मत मध्येच बदललं. १९५२ पासून दोन कादंबऱ्या पाठीला पाठ, एकमेकींना उलट्या, दोन मुखपृष्ठं, किंमत ३५ सेंट. आधी वाटलं होतं, नुसती चूष. शिवाय ठरलेल्या जाडीत बसवायला मजकूर छाटला जायचा, त्यामुळे हार्डबॅकमधून आलेली कादंबरी इथे वाचणं म्हणजे तिचा सांगाडा वाचणं. ती तक्रार अजून कायम आहे. पण बांधणीच्या दृष्टीने डबल जास्त टिकाऊ निघतं. प्रत्येक कादंबरी आपल्या बाजूने सुरू होऊन मध्यावर संपते. म्हणजे सगळ्यात कमी वेळ उघडं राहणारं पान कण्याच्या मध्यावर येतं, आणि मोडायची जागा तीच. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण चालतंय. गॉर्डन शिरेफ्सच्या कोरड्या वाळवंटी कादंबऱ्या वाचायच्या तर डबल शोधा, मूळ छोट्याच असल्याने छाटणीही कमी जाणवते.

लेनर्डकडे परत जायचं तर ‘लास्ट स्टँड अ‍ॅट सेबर रिव्हर’ (१९५९) चांगली, ‘व्हाल्डेझ इज कमिंग’ (१९७०) उत्तम, पण ‘हॉम्ब्रे’ वेगळीच. निवेदक घोडागाडीच्या कंपनीतला साधा कारकून. अपाची आदिवासींमध्ये वाढलेल्या जॉन रसेलला प्रवासी आत बसू देत नाहीत, वर पिटाळतात. लुटारू येतात तेव्हा त्याच लोकांचा जीव त्याच्या हातात. रसेल फारसं बोलत नाही आणि निवेदकाला तो पूर्ण कळत नाही, म्हणून आपणही शेवटपर्यंत अंदाज बांधत राहतो. हे पुस्तक आलं तोवर टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांनी छापील वेस्टर्नचा बाजार खाल्ला होता. लेनर्ड बरीच वर्षं इकडे फिरकला नाही आणि गुन्हेगारी कादंबऱ्यांकडे वळला.

काटकसरीचा हिशेब असा. १९६४ च्या आधीच्या अमेरिकन पुस्तकांचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी नवा करावा लागे. पुष्कळ पेपरबॅकवाल्यांनी तो केला नाही, म्हणून त्यातल्या काही वेस्टर्न प्रोजेक्ट गटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट सापडतात. आधी तिथे नाव टाकून बघा, मग नवी पुनर्मुद्रणं, मग जुनी प्रत. जुनी प्रत घ्यायचीच तर मुखपृष्ठासाठी घ्या: गोल्ड मेडलवर बेरी फिलिप्स आणि डेलवर रॉबर्ट स्टॅन्ली या चित्रकारांची. आणि १९४० च्या दशकातल्या डेलमध्ये मागच्या बाजूला गोष्टीतल्या मुलखाचा रंगीत नकाशा असतो, त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

एका परदेशी विक्रेत्याने ‘व्हेरी गुड’ म्हणून पाठवलेल्या प्रतीत मधली सोळा पानं सुटी निघाली. त्याचं उत्तर, दर्जा मुखपृष्ठावरून ठरवतो. पैसे अर्धे परत आले, टपालखर्च नाही. म्हणून मागवण्याआधी तीन फोटो मागावेत: पुस्तक वरून, म्हणजे कणा आणि पानांचा जोड दिसेल असा; मध्यावर साठ अंश उघडलेलं; आणि कॉपीराइटचं पान. पहिल्या फोटोत कव्हर आणि पानं यांच्यामध्ये काळी फट दिसली तर गोंद गेलेला आहे. किंमत निम्मी करून मागा, नाहीतर सोडून द्या. फोटो पाठवायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊच नका. अ‍ॅडम्स आणि अल्बर्टच्या प्रती आणखीही लोक विकतात.