कोस्टा रिका की होंडुरास: प्रबंधासाठी कोणती निवडणूक घ्यावी?

मध्य अमेरिकेतील राष्ट्रीय निवडणुकांवर प्रबंध लिहायचे ठरल्यावर माझ्यापुढे अखेरीस कोस्टा रिका आणि होंडुरास हे दोनच देश उरले होते. दोन्हीकडे अध्यक्षीय पद्धत, चार वर्षांची मुदत आणि एकच सभागृह असल्याने तुलना रास्त आहे.

होंडुरासचे आकर्षण मला आजही नाकारता येत नाही. तेथील काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, १२८ जागांसाठी मतदार थेट उमेदवारांवर खुणा करतो. राजधानीच्या फ्रान्सिस्को मोरासान विभागात २३ जागा असल्याने छायाचित्रांनी गच्च भरलेल्या मतपत्रिकेवर त्याला निरनिराळ्या पक्षांचे मिळून २३ उमेदवार निवडता येतात. कोस्टा रिकात मात्र ५७ प्रतिनिधी सात प्रांतांतील बंद याद्यांतून येतात, म्हणजे मत उमेदवाराला नव्हे तर पक्षाच्या यादीला पडते आणि यादीतला क्रम पक्षच ठरवतो. अभ्यासक म्हणून हे काहीसे नीरस वाटते.

माझा कौल फिरला तो होंडुरासच्या मतमोजणीमुळे. अध्यक्षपदासाठी तेथे एकच फेरी होते आणि आपल्या लोकसभा मतदारसंघाप्रमाणे सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. २६ नोव्हेंबर २०१७ च्या मतदानानंतर निम्म्याहून अधिक मोजणी झाली असताना विरोधी उमेदवार साल्व्हादोर नासराल्ला सुमारे पाच टक्क्यांनी पुढे होते; मग आकडे थबकले, पुन्हा हलू लागल्यावर आघाडी विरत गेली आणि १७ डिसेंबरला तेव्हाचे अध्यक्ष हुआन ओर्लांदो एर्नांदेस विजयी घोषित झाले. अमेरिका खंडांतील देशांच्या संघटनेने (ओएएस) फेरनिवडणुकीची मागणी केली. अशा निकालाचा तक्ता करायला बसले की प्रत्येक आकड्याखाली तळटीप येते, आणि प्रबंधाचा विषय मतदाराऐवजी वादच होऊन बसतो. २०१९ मध्ये निवडणूक घेणाऱ्या जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी तीन सदस्यांची निवडणूक परिषद आली खरी, पण सदस्य काँग्रेसच निवडते आणि त्या जागा व्यवहारात तीन मोठ्या पक्षांत वाटल्या जातात. ३० नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाचा निकालही २४ डिसेंबरपर्यंत रखडला.

कोस्टा रिकात निवडणूक न्यायाधिकरणाला १९४९ च्या राज्यघटनेनेच अधिष्ठान दिले आहे. त्याचे सदस्य सर्वोच्च न्यायालय नेमते, आणि निवडणुकीच्या काळात पोलीस दलाची सूत्रेही न्यायाधिकरणाकडे येतात. विलंब तेथेही होतो: २००६ मध्ये ओस्कार आरियास आणि ओत्तोन सोलीस यांच्यातील अंतर इतके थोडे होते की हाताने मोजणी करून निकाल लागायला मार्च उजाडला. तरीही त्या मोजणीवरचा विश्वास टिकला, हे मला निर्णायक वाटले. शिवाय पहिल्या फेरीत जिंकायला ४० टक्के मतांची अट असल्याने, ती कुणीच पुरी न केल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीत मतदार कसे सरकतात ते पाहता येते. २०१८ मध्ये पहिल्या फेरीत फाब्रिसियो आल्वारादो यांच्या मागे राहिलेले कार्लोस आल्वारादो एप्रिलमध्ये ६० टक्क्यांवर मते घेऊन निवडून आले.

अर्थात प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असू शकतो. उमेदवारनिहाय मतदान हाच तुमचा विषय असेल तर होंडुरास जरूर घ्यावे. फक्त अध्यक्षीय आकडेवारीवर मुख्य प्रकरण उभारू नये, असे मी सुचवीन.