जस्तावरचा शेवटचा डिप: बायक्रोमेट की ट्रायव्हॅलंट?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत झिंक प्लेटिंगची नवी लाइन टाकत असाल, तर पॅसिव्हेशनचा, म्हणजे जस्तावर क्रोमचा संरक्षक थर देणाऱ्या शेवटच्या डिपचा, निर्णय टाक्या मागवण्याआधी घ्या.

बायक्रोमेट, म्हणजे सोडियम डायक्रोमेट, हे नारिंगी, हवेतली ओल ओढणारे स्फटिक. जुनी कृती सोपी आहे: लिटरला सुमारे 200 ग्रॅम, त्यात 6 ते 9 मिली सल्फ्युरिक ॲसिड, डिप 5 ते 15 सेकंद. थरावर ओरखडा गेला, तर त्यातला विरघळणारा हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचा) क्रोम तिथे पोचून जस्ताला सांभाळतो. ट्रायव्हॅलंटला, म्हणजे तीन संयुजेच्या क्रोमच्या डिपला, हे जमत नाही. पण माणसाला मारक आहे तोही हाच हेक्साव्हॅलंट क्रोम. त्याच्या वाफाऱ्याने आणि धुळीने नाकाच्या पडद्याला भोक पडतं, फुप्फुसाचा कर्करोग होतो. हाताच्या बारीक कापल्यावर खोल व्रण होतो आणि तो फारसा दुखत नाही, म्हणून कामगार दाखवतच नाही. दर आठवड्याला हात तुम्हीच तपासा. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा कधीही टाकू नका, पेट घेऊ शकतो.

नागपूरच्या मे महिन्यात टाकी तापली की बायक्रोमेटचा थर भुकटीसारखा बसतो, बोटाला पिवळा लागतो. ड्रायर 60 अंशांच्या पुढे गेला तर थराला तडे जातात. ट्रायव्हॅलंट ही उष्णता सहज सोसतं. त्याला वेळ मात्र 30 ते 60 सेकंद लागतो, पीएच 2 च्या आसपास धरून ठेवावा लागतो, आणि तळाला पडलेले नट-बोल्ट विरघळून लोह वाढलं की सॉल्ट स्प्रेचे, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात गंज न येता टिकण्याचे, तास घटतात. रोज चुंबक फिरवा.

खरा फरक सांडपाण्यात. बायक्रोमेटचं पाणी आधी पीएच 2 ते 3 वर आणून हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करायला किलोभर क्रोमला किमान 3 किलो सोडियम मेटाबायसल्फाइट (मेटा) लागतं; पिवळं पाणी हिरवं झालं की मग चुना, पीएच 8.5 पर्यंत. पीएच 5 वर मेटा ओतलं तर क्रिया रेंगाळते आणि हेक्साव्हॅलंट क्रोमची लिटरला 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा हमखास मोडते. ट्रायव्हॅलंटला ही पहिली पायरीच नाही. मात्र त्यातली संयुगं क्रोमला धरून ठेवतात, तो तळाला बसत नाही. जार टेस्ट, म्हणजे थोड्या पाण्यावर भांड्यात चाचणी, करूनच चुन्याचं प्रमाण ठरवा. गाळ दोन्हींचा घातक कचराच.

नव्या लाइनला आम्ही ट्रायव्हॅलंटच सुचवू. ड्रम महाग पडतो, पण मेटा, ॲसिड आणि एक टाकी वाचते. इलेक्ट्रॉनिक्सचा माल असेल तर रोएचएसच्या (RoHS, इलेक्ट्रॉनिक्समधल्या घातक पदार्थांवरचा युरोपीय नियम) हेक्साव्हॅलंट क्रोमवरच्या 0.1 टक्का मर्यादेमुळे पर्यायच उरत नाही.

जुन्या टाक्या आणि रॅक मात्र वापरू नका. पीव्हीसीच्या चिरांतून बायक्रोमेट महिनोन्‌महिने झिरपतं. टाकीतल्या पाण्याच्या आम्ल घातलेल्या नमुन्यात डायफेनिलकार्बाझाइड टाका. जांभळा रंग आला, तर ते अजून येतंय.